मुरवायला दिलेले बूट

माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याला बुटातलं कळतं. ही बढाई नाही, जडलेली सवय आहे. आजही कुणाच्या घरी गेलो आणि दाराशी पळायचा बूट दिसला, की आत जायच्या आधी मी वाकतो आणि त्याच्या टाचेत अंगठा खुपसतो. आतली गादी किती दबते आणि किती वेळात वर येते, ते बघतो. घरच्या बाईंना वाटतं, पाहुणा उंबऱ्याला हात लावतोय, केवढे संस्कार. मग मी बूट नाकाला लावतो आणि संस्कारांचा विषय तिथेच संपतो.

ही विद्या मी चोविसाव्या वर्षी मिळवली. नव्वदचं दशक सरत आलं होतं. शहापूर तालुक्यात आमचं गाव, घरची भातशेती, आणि गावातल्या प्रत्येक बारावी पास पोराप्रमाणे मीही पोलीस भरतीसाठी पळत होतो. भरतीत पाच किलोमीटर पळावं लागे. वेळेत पोचला तो खाकीत, नाही पोचला तो परत चिखलात. शहापूरहून किन्हवलीवरून मुरबाडकडे जाणारा डांबरी रस्ता हे आमचं मैदान. उजाडायच्या सुमाराला आम्ही सातजण फाट्यावर जमायचो. सहाजण मोरीच्या कठड्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधायचे. सातवा उभा राहून आमच्याकडे बघायचा, कारण त्याला बूट नव्हते.

हा सातवा गावाबाहेरच्या वाडीतला. त्याच्या बापाने आमच्या शेतात मजुरी केली, त्यानेही केली. आश्रमशाळेत राहून बारावी झालेला वाडीतला तो पहिला. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, लग्न झालेला. तरी मी त्याला अरेतुरे करायचो आणि तो मला ‘दादा’ आणि ‘तुमी’ म्हणायचा. पाणी उताराकडे वाहतं तितकं ते आम्हा दोघांना साधं वाटायचं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहायचं तर त्याला विचारावं लागेल, आणि तेवढी हिंमत माझ्यात उरलेली नाही.

तो आमच्यात सगळ्यात वेगवान होता. हे वाक्य मला आजही जड जातं, म्हणून पटकन उरकलं. आम्ही धापा टाकत पाचव्या मैलदगडाशी, म्हणजे आम्ही खडूने रंगवलेल्या आमच्या शेवटच्या दगडाशी पोचायचो, तेव्हा तो त्याच दगडावर बसून करंजाच्या काडीने दात घासत असायचा. थुंकून विचारायचा, “दादा, वाटंत कोन भेटला व्हता काय? लय येळ लावलाव.”

त्याचे तळवे हा गावातला एक पाहण्यासारखा प्रकार होता. पेटती विडी तो टाचेखाली विझवायचा, अनवाणी. आम्ही म्हणायचो, याला ट्रकचा रिमोल्ड केलेला टायर लावलाय. त्यावर तो शांतपणे म्हणायचा की टायर त्याच्याकडे आहे, आमच्याकडे नुसती ट्यूब, तेव्हा पंक्चर कोण होणार ते बघून घ्या. एकदा त्याची परीक्षा घ्यायची म्हणून वळणावर बाभळीचे काटे पसरले गेले. ‘गेले’ कसलं, मीच पसरले, रात्रभर हसू दाबून ठेवून. तो त्यावरून पळत गेला. काटे मोडल्याचा बारीक आवाज आला, पापड मोडल्यासारखा. तो थांबला, मागे आला, एक मोडका काटा उचलून माझ्या हातावर ठेवला. म्हणाला, “चारच टाकलंव? महाग झालं काय काटं?”

सगळे हसले. मीही हसलो, पण थोडा उशिरा.

आता यात पणाला काय लागलं होतं ते सांगतो. भरतीला वयाची अट असते. वाडीतल्यांना त्यात काही वर्षांची सूट मिळायची, आणि ती सूटही त्या सालात त्याची संपत होती. पावसाळा सरला की भरती निघणार होती. तीत तो पोचला तर नोकरी. नाही पोचला तर दिवाळीनंतर बायकोला घेऊन वीटभट्टीवर, दरसालप्रमाणे, आणि मग प्रत्येक साल दरसालप्रमाणे. हे त्याला ठाऊक होतं, आम्हाला ठाऊक होतं. वाडीतल्या म्हाताऱ्यासुद्धा तो पळत जाताना दिसला की हातातलं काम थांबवून त्याच्या पायांकडे बघायच्या.

आणि माझं? माझी अजून दोन वर्षं शिल्लक होती आणि शेत तर होतंच. माझी अडचण एवढीच, की मला पळता येत नव्हतं. तीन किलोमीटरपर्यंत मी माणूस असायचो, पुढे बैलगाडी. नडगी दुखायची, टाच ठणकायची. आपला दोष पायात नसून बुटात आहे, हा शोध मी लावला आणि त्या शोधाने मला फार समाधान मिळालं.

तोवर आम्ही सगळे पांढरे कॅनव्हासचे बूट वापरायचो, शाळेच्या कवायतीचे. त्यांचा तळ म्हणजे जाड पुठ्ठ्याला रबराची आठवण. त्या वर्षी मुरबाडच्या बाजारात नवीन बूट आला. जाड तळाचा, आत स्पंज, टाचेला चांगला दोन बोटं उंच. पांढरा, बाजूला निळी वीज काढलेली, आणि ती वीज डाव्या बुटावर उलटी. महागडी कंपनी नाही, शहरातल्या कुठल्यातरी गाळ्यात चिकटवलेला माल, आमच्यासारख्यांना परवडेल असा. विकणारा छत्रीच्या काड्यांना जोड्या लटकवून बसायचा आणि त्याला ‘गादीचा बूट’ म्हणायचा.

मी एकदम घेतला नाही. मी परीक्षक होतो. पहिल्या आठवड्यात नुसता अंगठा दाबून आलो. दुसऱ्या आठवड्यात बूट मधोमध वाकवला. तो जिथे पायाची बोटं वाकतात तिथे वाकला पाहिजे, पोटात वाकला तर तो बूट नव्हे, सपाता. तिसऱ्या आठवड्यात वास घेतला. तळ चिकटवायच्या सोल्युशनचा वास डोक्यात गेला की तळ पावसात सुटणार. चौथ्या आठवड्यात मला वजन हवं होतं. शेजारी सुकटवाली बसायची. तिच्या तराजूत मी एका पारड्यात डावा आणि दुसऱ्यात उजवा ठेवला. डावा जड निघाला. सुकटवाली म्हणाली की दोन्ही पायांनी सारखं पळतोस काय, की डावा तेवढा हळू नेशील. विकणाऱ्याने हात जोडले आणि म्हणाला, घे नायतर ठेव, पण माझ्या दुकानावरून ऊठ. मी घेतला. पुढचे पंधरा दिवस त्या बुटांना सोड्याचा आणि बोंबलाचा वास येत होता, आणि फाट्यावरची कुत्री त्यांना मोठ्या प्रेमाने सोडायला यायची.

दोन सकाळी पळालो. गादी खरोखरच गादी होती; नडगी गप्प झाली. पण टाचेमागची पट्टी फळीसारखी कडक. दुसऱ्या दिवशी दोन्ही टाचांना बोराएवढे फोड घेऊन मी लंगडत अंगणात आलो. वडील भाताच्या बियाण्याला पाणी देत होते. त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं, बुटाकडे बघितलं, आणि म्हणाले, “गावातले गडी मेले काय?”

आमच्या घरची ही रीत सांगायला हवी. नवी वहाण आमच्यात कुणी थेट पायात घालत नसे. नवीन चामडं चावतं. म्हणून ती आधी गड्याला द्यायची. तो आठ दिवस ती घालून शेतात राबायचा, चामड्याला जे चावायचं ते त्याला चावून घ्यायचं, मग तो ती पुसून, तेल लावून परत आणायचा. याला मुरवणं म्हणायचे, लोणच्यासारखं. गड्यालाही यात वावगं वाटत नसे. नवी वहाण आठ दिवस पायात, तेवढाच मान. आजोबांच्या सगळ्या वहाणा दुसऱ्यांच्या टाचांवर मऊ झाल्या होत्या. आजोबांना आयुष्यात एकदाही फोड आला नाही, हे घरात अभिमानाने सांगितलं जायचं.

पळायचा बूट मुरवायला द्यायचा तर गडीही पळणारा हवा. माझ्या डोक्यात असा काही लख्ख उजेड पडला की मी स्वतःवरच खूश झालो. त्याच्या पायात बूट गेला तर मुरेलही आणि त्याची कसून परीक्षाही होईल. मी संध्याकाळी वाडीत गेलो आणि बूट त्याच्यापुढे ठेवले. आठ दिवस घाल, म्हटलं, रोज पळ, आणि कसा आहे ते मला सांग. तो बराच वेळ बूट हातात फिरवत राहिला. त्याची बायको चुलीपाशी होती. तिने वास घेतला आणि विचारलं, बूट आहे की बाजार.

त्याला बूट घालता येत नव्हता, आणि माझ्या मापाच्या बुटात त्याचा मोठा पाय बोटं मुडपूनच मावायचा. पहिल्या दिवशी तो हत्तीसारखा पाय उचलून पळाला आणि आम्ही सहाजणांनी रस्त्यावर बसून हसून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो आमच्या मागे राहिला होता. ती सकाळ आम्हाला दिवाळीसारखी गेली. पण चौथ्या दिवशी तो पुन्हा दगडावर बसलेला होता. काडी तोंडात, बूट काढून शेजारी ठेवलेले, वीज आमच्या दिशेला.

मी वही केली होती. रोज मोरीवर बसून मी विचारायचो आणि तो सांगायचा. आणि मंडळी, मी नंतर पुष्कळ लोकांच्या तोंडून बुटांविषयी ऐकलं, पण असा परीक्षक पाहिला नाही. त्याच्या तळव्यांनी अठ्ठावीस वर्षं जमीन वाचली होती. मध्ये काहीतरी आलं की त्यांना लगेच कळायचं. उतारावर बूट सोनं आहे, तो म्हणायचा, चढावर चोर. पाय जोर लावतो आणि तो जोर गादी पिऊन टाकते. ओल्या डांबरावर पुढची बाजू धरते, टाच घसरते. डावा जड आहे तो कळत नाही, पण डाव्याची नाडी तिसऱ्या किलोमीटरला सुटते. पाणी शिरलं तर स्पंज ते दोन दिवस सोडत नाही. गादी रोज सकाळी ताजी असते, पण लागोपाठ दोनदा पळालं तर दुसऱ्यांदा “निजलेली असते, उठवली तरी उठत नाय.” हे सगळं माझ्या वहीत आहे. त्यातलं एकही वाक्य माझं नाही.

आठ दिवसांनी मी पाय घालून बघितला. अजून चावत होता. अजून आठ दिवस, म्हटलं. मग लावणी आली, मी तसाही पळत नव्हतो. तो मात्र दिवसभर लावणीच्या चिखलात आणि सकाळी त्या बुटांत. मग अजून आठ. पाऊस असा, की रस्ता आणि शेत यांत फरक डांबराचाच काय तो. असा आषाढ गेला, श्रावण गेला. तो रोज बूट भाताच्या पेंढ्याने भरून चुलीवरच्या बांबूच्या कामटीला लटकवायचा, आणि सकाळी अर्धओले घालून निघायचा. बोंबलावर आता धुराचा वास चढला. हळूहळू तो बूट त्याच्या पायात असा बसला की बाजूने बघितलं तर त्याची करंगळी कुठे आहे ते बाहेरून दिसायचं. आणि तो वेगात आला. आधीचाच वेगवान माणूस आणखी वेगात. आता मैलदगडावर त्याची काडी चावून संपलेली असायची.

त्याला बूट आवडला होता. हे मला कळत होतं. तो पाणी भरायला जातानाही तो घालू लागला होता. वाडीतल्या बायका त्याला ‘साहेब’ म्हणून चिडवायच्या आणि तो चिडत नसे.

श्रावण संपता संपता एका सकाळी त्याने मोरीवर बूट काढला, उलटा केला आणि झटकला. आतून पांढरी सालपटं पडली, कांद्याच्या पापुद्र्याएवढी. ओल्या बुटांत आणि ओल्या शेतात राहून त्याला चिखल्या झाल्या होत्या. बोटांच्या बेचक्या सोलल्या होत्या आणि तळव्याची ती जुनी, पिवळी, विडी विझवणारी कातडी ढलप्यांनी निघत होती. खालून गुलाबी पाय येत होता, एखाद्या कारकुनाच्या पायासारखा. तो स्वतःच हसला. म्हणाला, कात टाकली.

मी काय केलं? मी वही उघडली आणि लिहिलं: ‘आत सालपटं जमतात. बूट रोज झटकून घ्यावा.’

अक्षर छान आहे. घाई केल्याची खूण नाही.

भाद्रपदात आम्हा दोघांनाही भरतीचा कागद आला. एकच दिवस, दसऱ्यानंतरचा, ठाण्याला. त्याच्या आधी चार दिवस मी बूट आणायला वाडीत गेलो. मला म्हणता येईल की मी रीत पाळत होतो. मुरलेली वहाण मालकाकडे परत येते, तीत विचारण्यासारखं काही नसतं. मला असंही म्हणता येईल, की त्याला अनवाणी पळायची जन्माची सवय होती. ही दोन्ही वाक्यं मी वाटेत तोंडपाठ करत गेलो. पण झालं असं, की तो मला भेटायला अंगणातून खाली आला तो अनवाणी, आणि मधल्या खडीवर त्याने पाय जपून टाकला. एकदाच. टाच टेकली, उचलली, बाजूच्या गवतावर घेतली. मी ते बघितलं. मी पाय बघायला शिकलेला माणूस होतो. आणि माझ्या मनात आलं ते असं: जागा थोड्या आहेत.

बूट धुतलेले होते. धुण्याच्या सोड्याने धुऊन, आत नवा पेंढा भरून त्याने ते दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरले, आजोबांच्या वहाणा त्याच्या बापाने धरल्या असतील तसे. मागितले नाहीत. एवढा दिवस राहू दे असंही म्हणाला नाही. फक्त सांगितलं की डाव्याच्या नाडीला गाठ मारू नका, टोक आत खोचा, म्हणजे सुटत नाही.

त्याची बायको दारात उभी होती. ती मला पहिल्यांदाच सरळ बघून बोलली.

“बूट नेताव तर त्याचं पाय पन घेऊन जा. हिकडं ठेवून आता काय करायचं?”

तो तिच्यावर खेकसला. मी हसलो. मला वाटलं, गमतीने म्हणाली.

ठाण्याला आम्ही पहाटे रांगेला लागलो. माणसं इतकी आली होती की आमचा गट सुटेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. पावसाने उधार घेतलेलं सगळं ते वसूल करतं. डांबरी रस्ता चकाकत होता. गटात निम्मे तरी अनवाणी होते, त्यात त्याच्याकडे कुणी वेगळं बघावं असं काही नव्हतं. शिट्टी झाली आणि तो निघून गेला, नेहमीसारखा. दोन किलोमीटर मला त्याची पाठही दिसली नाही.

आणि मी पळत होतो. वाचकहो, काय पळत होतो! तो बूट आता बूट राहिला नव्हता. जिथे वाकायला हवा तिथे वाकत होता, टाच लोण्यासारखी, गादी जागी आणि ताजी. मी उतारावर ढिला सोडला, चढावर बोटांवर आलो, पाण्याचा टँकर गळून ओल्या झालेल्या जागी टाच टेकली नाही. वहीतलं एकेक वाक्य माझ्या पायाखाली येत होतं. डाव्याची नाडी तिसऱ्या किलोमीटरला सुटली नाही. ती मी आत खोचली होती.

तिसऱ्यानंतर तो दिसला. तो रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून पळत होता. पांढरा रंग डांबरापेक्षा थोडा कमी तापतो. वीतभर रुंदीच्या त्या पट्ट्यावर तो एकापुढे एक पाऊल टाकत होता, दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखा. जिथे पट्टा पुसलेला होता तिथे तो उड्या मारत होता. मागून कुणीतरी पोरं हसली, आणि खरं सांगायचं तर बघायला ते गमतीचंच होतं. मग मी जवळ आलो आणि पट्ट्यावरची पावलं दिसली. ओली. पाण्याची नव्हती. नुसत्या पुढच्या चवड्याचे ठसे होते, टाच त्याने केव्हाच टेकायची सोडली होती.

मी त्याच्या बरोबरीला आलो. तो माझ्याकडे नाही, माझ्या पायांकडे बघत होता. परीक्षक बघतो तसा. काही पावलं आम्ही बरोबर पळालो, मी डांबरावर आणि तो पट्ट्यावर. मला काहीतरी बोलायचं होतं. मी काय बोललो ते मला अजून पाठ आहे.

“चल की रे,” म्हणालो.

आणि पुढे गेलो. आयुष्यात मी त्याला एकदाच मागे टाकलं, आणि तेवढं पुरलं. मी वेळेत पोचलो. तोही पोचला, चालत, पण तोवर शिट्टी वाजून गेली होती आणि टेबलावरचे कागद आवरत होते. कुणीतरी त्याला बादलीत पाय ठेवायला सांगितलं. परतीची वाट आम्ही वेगवेगळी धरली.

मी भरती झालो. सांगायला लाज वाटते, पण गावात माझा सत्कार झाला आणि त्यात मी बुटांवर बोललो. योग्य बुटाचं महत्त्व, असा विषय होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वडिलांनी ते बूट पुसून देव्हाऱ्याखाली ठेवले होते.

दिवाळीनंतर तो बायकोला घेऊन वीटभट्टीवर गेला. पुढच्या उन्हाळ्यात मी त्याला लांबून बघितलं. तळवे पुन्हा पहिल्यासारखे झाले होते, पिवळे, जाड. कातडी परत येते. वय येत नाही.

मध्ये आठ-नऊ वर्षं गेली. माझं पोट सुटलं, पळायचं म्हटलं की जीप लागायची. एका रजेत मला उमाळा आला. उमाळे पोट सुटल्यावरच येतात. मी शहापुरात चांगला गादीचा बूट शोधला. आता दुकानं झाली होती, काचेची, तरी मी अंगठा दाबला, वाकवला, वास घेतला. दुकानदाराने पोलीस म्हणून काही म्हटलं नाही. महाग नव्हता, पण चोख. त्याच्या मापाचा घेतला, दहा नंबर, रुंद. माझा आठ. खोका घेऊन मी वाडीत गेलो.

तो अंगणात घराच्या कुडाच्या भिंतीसाठी कारवीच्या काड्या नीट करत बसला होता. बायको शेजारी बसून त्याला काड्या देत होती. मी खोका पुढे ठेवला. मनात बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. त्याने खोका उघडला, बूट बाहेर काढला, आणि टाचेत अंगठा खुपसला. वाट बघितली. वाकवला. नाकाला लावला.

“कडक हाय,” तो म्हणाला. “आठ दिस तू घाल. मग आन.”

तू. मी ते ऐकलं आणि त्याच्या बायकोकडे बघितलं. ती काड्या निवडत राहिली.

मी घातले. दुसरं काय करणार? आठ नंबरचा पाय दहा नंबरच्या बुटात, दोन मोजे चढवून, रोज सकाळी त्याच फाट्यापासून त्याच दगडापर्यंत. पळत नाही, चालत. बूट पुढे आणि मी मागे. टाचांना फोड, अंगठ्याचं नख काळं. गावातली नवी पोरं भरतीसाठी पळत माझ्या बाजूने जायची आणि मागे वळून बघायची. आठ दिवसांनी पुसून, तेलाचं बोट नाड्यांच्या भोकांना लावून मी बूट घेऊन गेलो. त्याने पुन्हा अंगठा दाबला.

“अजून आठ.”

मी रजा वाढवली. घरचे म्हणाले, वजन कमी करतोय. आठ दिवसांनी पुन्हा गेलो. अजून आठ. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसू नव्हतं. तो खरोखर बूट बघत होता, आणि बूट खरोखर कडक होता. त्याचं काहीच चुकत नव्हतं. मी बूट उचलून परत आलो.

तिसऱ्या खेपेला त्याने बूट वाकवला आणि मान हलवली. उठला, अंगठे आत सारले, नाड्या बांधल्या. डाव्याचं टोक आत खोचलं. अंगण ओलांडून खडीवर गेला, कुंपणापर्यंत चालला, वळला, परत आला. मी त्याच्या पावलांकडे बघत होतो. चोवीस दिवसांत मी कुठल्याच गोष्टीची एवढी वाट बघितली नव्हती. तो खाली बसला, बूट काढले, जोडी नीट लावून माझ्यापुढे सारली.

“चांगला बूट हाय,” म्हणाला. “पन तुझ्या पायाचा झाला. ने.”

आणि त्याने कारवीची पुढची काडी उचलली.

मी तिथेच बसून ते घातले, नाड्या बांधल्या आणि फाट्यापर्यंत चालत आलो. दहा नंबरचे बूट. कुठे चावले नाहीत, कुठे घसरले नाहीत. इतकं सुखाचं पायताण मला पुन्हा कधी मिळालं नाही.